वीतभरही नसलेले विमान

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी विमान हे बहुधा डोक्यावरून फार उंच जाणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या रूपानेच भेटते. तथापि ज्या विमानाने साठ वर्षांहून अधिक काळ भारताच्या आकाशाचा पहारा केला, ते मिग-21 शेकड्यांच्या संख्येने याच महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात घडले, ही गोष्ट वऱ्हाडातल्या पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. 1963 साली वायुदलात दाखल झालेले हे विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. आता त्याचे सान्निध्य हवे असेल, तर एखाद्या चौकातला चबुतरा गाठावा, नाही तर जुन्या प्लॅस्टिक किटचा खोका उघडून आपल्या हातांनीच ते घडवावे. या दुसऱ्या मार्गाचाच येथे विचार करावयाचा आहे.

विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींची परंपरा बरीच जुनी आहे. इंग्लंडातील फ्रॉग या नाममुद्रेने 1936 साली ‘पेंग्विन’ नावाचे संच बाजारात आणले. पण त्यांचे प्लॅस्टिक कालांतराने वाकडे होई. महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आले, आणि वितळलेल्या अवस्थेत ते पोलादी साच्यात दाबून भरण्याच्या पद्धतीमुळे एअरफिक्ससारख्या कंपन्यांचे स्वस्त संच घरोघरी पोहोचले. या संचांचे रूढ प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच प्रत्यक्षातल्या सहा फुटांबरोबर. त्या हिशेबाने वैमानिक एका इंचाचा होतो आणि मिग-21 च्या सुमारे 7.15 मीटर रुंदीच्या पंखांना दहा सेंटिमीटर जागा पुरते.

या कलेतले खरे मर्म या प्रमाणातच आहे. जुन्या संचांच्या पंखांवर खिळ्यांची उठावदार टोके मोठ्या हौसेने दाखविलेली असतात; परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या टोकाला बहात्तरने गुणले, तर प्रत्यक्ष विमानावर साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा खिळा मानावा लागेल, आणि असल्या खिळ्यांनी जडवलेले विमान धावपट्टी सोडणार नाही. म्हणून बारकावे भरणे याचा अर्थ आणखी काही चिकटवणे एवढाच नसून, जे त्या प्रमाणात दिसताच कामा नये ते निर्दयपणे घासून काढणे हाही आहे.

कात्री हाती घेण्यापूर्वी एक निर्णय करावा लागतो : आपण कोणते विमान, कोणत्या काळातले, घडवणार? मिग-21 हे एकच नाव असले तरी त्याखाली अनेक वाण आहेत. भारतात आलेली पहिली विमाने एफ-13 प्रकारची, निमुळत्या नाकाची आणि अंगच्या तोफेची होती. ओझरला प्रथम बांधली गेली ती एफएल प्रकारची, रडारमुळे रुंदावलेल्या नाकाची आणि अंगभूत तोफ नसलेली, आणि ही उणीव पोटाखाली टांगलेल्या तोफेने भरून काढावी लागली. मूळची चकचकीत धातूची काया 1971 च्या युद्धकाळात अनेक विमानांवर हिरव्या-तपकिरी रंगांनी झाकली गेली. 14 डिसेंबर 1971 रोजी ढाक्याच्या राजभवनावर हल्ला चढविणारे मिग करावयाचे असेल, तर त्या वर्षीची छायाचित्रे हाच आपला दस्तऐवज. खोक्यावरचे चित्र ही विक्रेत्याची कैफियत समजावी.

हत्यारांसाठी मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. बारीक कानस आणि चिमटा सोनाराकडे, धारदार पाते औषधांच्या दुकानात, पॉलिश पेपर हार्डवेअरवाल्याकडे, आणि फटी बुजविण्याची लांबी मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिराकडे मिळते. सुटे भाग चौकटीतून पिळून न तोडता कापावेत, कडेचा पातळ पापुद्रा खरवडावा, आणि साच्याचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवावा. अन्यथा रंग धरत नाही. नंतर वैमानिकाची खोली रंगवून मगच धडाचे दोन्ही अर्धभाग जोडावेत, आणि त्याआधी नाकात शिशाचा तुकडा बसवावा, नाही तर हे तीन चाकांवरचे विमान शेपटीवर बसण्याचा संभव असतो. जोडाचे द्रावण प्लॅस्टिकला क्षणभर विरघळवून सांधते, म्हणून ते थेंबाथेंबाने लावावे. सांध्यावर लांबी भरून, वाळल्यावर ती घासावी. घासताना पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा पट्टीच्या आधाराने सुईने पुन्हा कोराव्यात.

रंगाच्या बाबतीत मात्र वऱ्हाडची हवा आपला अंमल गाजवल्यावाचून राहत नाही. वैशाखातल्या दुपारी एअरब्रशमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि विमान वाळू चिकटल्यासारखे खरखरीत होते. पावसाळ्यात, उलटपक्षी, लॅकरवर पांढुरके मळभ येते. तेव्हा उन्हाळ्यात पहाटेची वेळ आणि पावसाळ्यात उघडीप साधावी. चंदेरी रंग तर फारच चोखंदळ; त्याच्याखाली राहिलेला लहानसा ओरखडाही तो जाहीर करतो.

जुन्या संचाची सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे डिकल, अर्थात पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे. वर्षांनुवर्षांनी ती पिवळी पडतात आणि पाण्यात शिरताच तुकडे होतात. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दिल्यास पिवळेपणा उतरतो, आणि वर पारदर्शक लॅकरचा हात दिल्यास ती अखंड राहतात. तरीही आधी बिनकामाच्या एका चिन्हावर परीक्षा घ्यावी. पारदर्शक छत बसविताना फेव्हिक्विक वर्ज्य, कारण तिच्या वाफेने ते धुरकटते. साध्या फेव्हिकॉलने ते स्वच्छ बसते. शेवटी पातळ केलेला काळपट तैलरंग कोरलेल्या रेषांत सोडून पुसून घेतला, म्हणजे पत्र्यांची ठेवण उठून दिसते. तोच अधिक झाला, तर निगराणीत असलेले विमान भंगारात काढल्यासारखे दिसू लागते.

एका गोष्टीची खबरदारी मात्र प्रत्येकाने घ्यावी : ज्याचा खोका, सूचनापत्रिका आणि सुटे भाग जसेच्या तसे शाबूत आहेत असा दुर्मिळ संच पहिल्या सरावासाठी फोडू नये, सरावाला आजचा साधा संच पुरेसा आहे. आणि घरातल्या मुलाने हे काम मागितले, तर अभ्यासाची सबब पुढे करून नाही म्हणू नये. भूमिती, रसायन आणि इतिहास यांना एकाच टेबलावर आणणारा याहून स्वस्त वर्ग तालुक्याच्या गावी सहसा भरत नाही.