ॲपवर ‘तुमच्या भागात सेवा नाही’ का येतं? उत्तर असतं डॅशबोर्डवरच्या नकाशात

रात्रीचे नऊ वाजलेत, घरातलं दूध संपलंय. तुम्ही फोन काढता, ॲप उघडता, पत्ता टाकता आणि स्क्रीनवर येतं, ‘सध्या तुमच्या भागात आमची सेवा उपलब्ध नाही.’ गंमत म्हणजे दोन चौक पुढे राहणाऱ्या मित्राला तेच ॲप घरपोच दूध देतं.

हा निर्णय घेतला कुणी? बहुतेक वेळा तो कुठल्यातरी ऑफिसात, मोठ्या स्क्रीनवरच्या एका रंगीत नकाशासमोर बसून घेतलेला असतो. कुठे गडद रंग, कुठे फिका, कुठे अजिबात रंग नाही. गडद भागात नवं गोदाम उघडतं, फिका भाग पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

दुकान कुठे उघडायचं, बँकेची शाखा कुठे बंद करायची, डिलिव्हरी कुठपर्यंत द्यायची, असे कितीतरी निर्णय आज या नकाशांवरून होतात. पण हा नकाशा काम कसा करतो आणि तो कुठे फसवू शकतो? समजून घेऊया.

आधी हे सांगा, डॅशबोर्ड म्हणजे काय?

गाडीच्या डॅशबोर्डवर वेग, पेट्रोल, इंजिनचं तापमान एका नजरेत दिसतं. कंपन्यांचा डॅशबोर्डही तसाच. विक्री किती झाली, माल किती उरला, ग्राहक कुठून आले, हे सगळं एकाच स्क्रीनवर. कंपनीकडे जमा होणाऱ्या आकड्यांमधून निर्णयासाठी उपयोगी माहिती काढण्याच्या या कामाला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय, टॅब्लो, गुगलचा लुकर स्टुडिओ ही त्यासाठीची नावाजलेली टूल्स.

तुम्ही म्हणाल, आम्ही कधी असला डॅशबोर्ड पाहिलाच नाही. पण नक्की पाहिलाय. कोरोनाच्या काळात काळ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळं असलेला जगाचा नकाशा सगळीकडे फिरत होता, आठवतंय? तो अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा डॅशबोर्ड होता. प्राध्यापक लॉरेन गार्डनर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी एनशेंग डाँग यांनी तो बनवला आणि २२ जानेवारी २०२० ला लोकांसाठी खुला केला. देशाच्या नावावर क्लिक केलं की तिथले आकडे समोर यायचे. कंपन्यांचे डॅशबोर्ड याच पद्धतीने चालतात, फक्त रुग्णांच्या जागी ऑर्डरी असतात.

नकाशा ‘इंटरॅक्टिव्ह’ होतो म्हणजे काय होतं?

पुस्तकातला नकाशा तुमच्याशी बोलत नाही. इंटरॅक्टिव्ह नकाशा बोलतो. महाराष्ट्रावर क्लिक करा, जिल्हे उघडतात. जिल्ह्यावर क्लिक करा, तालुके किंवा पिनकोड उघडतात. नकाशावर नाशिक निवडलं की शेजारचे तक्तेही फक्त नाशिकचे आकडे दाखवू लागतात. ‘फक्त दिवाळीचा महिना दाखव’ असं सांगितलं की रंग बदलतात.

यामागे दोन थर असतात. खालचा थर म्हणजे रस्ते, नद्या, सीमा. हा एकच मोठा फोटो नसतो, तर छोट्या चौकोनी फरशांचा असतो. सगळ्यात दुरून पाहिलं तर अख्खं जग एका फरशीत मावतं. झूमची एक पायरी आत गेलं की एका फरशीच्या चार होतात. दहाव्या पायरीला जगाच्या १० लाख ४८ हजार ५७६ फरशा झालेल्या असतात. पण तुमच्या फोनवर येतात त्या फक्त तुम्ही बघताय तेवढ्याच भागाच्या. म्हणून नकाशा चटकन उघडतो.

वरचा थर कंपनीच्या आकड्यांचा. तो साधारण चार प्रकारे दाखवतात. प्रत्येक ग्राहकाचा एक ठिपका, आकड्यानुसार लहानमोठं वर्तुळ, आकड्यानुसार रंगवलेले जिल्हे किंवा गर्दीच्या जागी लालभडक होत जाणारा हीटमॅप. आता खरी अडचण इथूनच सुरू होते.

पहिली गोची : पत्त्याचा ठिपका होतो कसा?

कॉम्प्युटरला ‘मारुती मंदिरामागे, पिंपळाजवळ’ कळत नाही. त्याला अक्षांश-रेखांश लागतात. पत्त्याचं अक्षांश-रेखांशात रूपांतर करण्याला ‘जिओकोडिंग’ म्हणतात आणि इथे भल्याभल्यांची दांडी गुल होते.

नावांचंच बघा. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचल प्रदेशातही. आपला अलिबागचा रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ यांचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या सरकारी आकडेवारीत एकसारखंच आढळतं. टूलला राज्याचं नाव वेगळ्या रकान्यात दिलं नाही, तर पेणची विक्री छत्तीसगडच्या खात्यात जमा होऊ शकते.

त्यात नावं बदलतात. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, तर २०२४ मध्ये अहिल्यानगर ही नवी जिल्हानावं लागू झाली. विक्रीच्या यादीत नवं नाव आणि नकाशाच्या फाइलमध्ये जुनं नाव असेल, तर दोन्ही जुळत नाहीत आणि तो जिल्हा नकाशावर कोरा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, इथे धंदाच नाही!

अक्षांश-रेखांश थेट दिले तरी चूक होऊ शकते. पुण्याचे आकडे साधारण १८.५२ उत्तर आणि ७३.८६ पूर्व. काही टूल्सना आधी अक्षांश हवा असतो, काहींना आधी रेखांश. अदलाबदल झाली तर तुमचं पुण्यातलं दुकान थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतं. रकाने रिकामे राहिले आणि टूलने त्याला शून्य-शून्य समजलं, तर ग्राहक आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात सापडतात. ही चूक इतकी नेहमीची आहे की नकाशे बनवणाऱ्यांनी त्या जागेला गमतीने ‘नल आयलंड’ असं नावच देऊन टाकलंय.

या घोळावर भारतातला सोपा उपाय म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या या सहा आकड्यांच्या पद्धतीमागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. ४ ने सुरू होणारा पिनकोड म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड, हे त्यातूनच कळतं. पण लक्षात घ्या, पिनकोड बनला तो पत्रं वाटायच्या सोयीसाठी. मुंबईत एका पिनकोडमध्ये टॉवर आणि वस्ती शेजारी-शेजारी असतात, तर ग्रामीण भागात एकाच पिनकोडमध्ये अनेक गावं येतात. त्या सगळ्यांची सरासरी काढून एकच रंग दिला, तर तो रंग नेमका कुणाचा?

दुसरी गोची : मोठा जिल्हा म्हणजे मोठा धंदा नाही

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. मुंबई उपनगर जिल्हा पाचशे चौरस किलोमीटरचाही नाही. लोकसंख्या बघा, २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत साधारण १०.७३ लाख लोक होते आणि मुंबई उपनगरात ९३.५७ लाख. म्हणजे जवळपास नऊपट.

पण नकाशावर आधी काय दिसतं? गडचिरोली. मुंबई उपनगर एखाद्या ठिपक्याएवढं. आपला डोळा माणसं मोजत नाही, रंगलेली जागा मोजतो.

आता उलटा प्रकार. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका कंपनीला महिन्याला पुणे जिल्ह्यातून ९,४२९ ऑर्डरी आल्या आणि सिंधुदुर्गातून १,६९९. नुसते आकडे रंगवले तर पुणे गडद, सिंधुदुर्ग फिका. साहेब म्हणणार, पुण्यात आणखी पैसा लावा. पण २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४.२९ लाख होती आणि सिंधुदुर्गची ८.५० लाख. दर हजार माणसांमागे हिशेब केला तर पुण्यात १ ऑर्डर आणि सिंधुदुर्गात २. म्हणजे माल दुप्पट आवडीने घेतला जातोय तो तळकोकणात, आणि नकाशा सांगत होता बरोबर उलटं.

म्हणूनच रंगवलेल्या नकाशात नुसती संख्या नाही, तर दर वापरायचा असतो. दर माणशी, दर घरामागे, दर दुकानामागे. यातही खाचखळगे आहेत. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे भागायला घेतलेली लोकसंख्या बऱ्याचदा २०११ चीच असते. तेव्हा महाराष्ट्रात जिल्हे होते ३५. पालघर ठाण्यापासून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. नकाशाची फाइल जुनी असेल तर जव्हार आणि मोखाड्याचे आकडे ठाणे शहराच्या आकड्यांत मिसळून जातात.

रंगांच्या पायऱ्याही बनवणाऱ्याच्या हातात असतात. ‘१०० च्या वर गडद’ ठरवलं तर ९९ वाला जिल्हा फिका आणि १०१ वाला गडद, फरक फक्त दोनचा. त्यामुळे नकाशा बघण्याआधी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचायची सवय लावा.

तिसरी गोची : कोऱ्या जागेचा अर्थ काय?

ही सगळ्यात महत्त्वाची. त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल.

एप्रिल २०१६ मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी ॲमेझॉनची ‘ऑर्डर केली त्याच दिवशी डिलिव्हरी’ ही सेवा कुठल्या झिपकोडला मिळते, ते नकाशावर मांडून पाहिलं. बॉस्टन शहरात एक विचित्र चित्र दिसलं. सगळीकडे सेवा होती, मध्येच रॉक्सबरी नावाचा भाग मात्र वगळलेला. तिन्ही-चारी बाजूंच्या लोकांना सामान मिळायचं, मधल्या रॉक्सबरीला नाही. रॉक्सबरीत प्रामुख्याने कृष्णवर्णीय लोक राहतात. शिकागो, अटलांटा, डॅलससारख्या शहरांतही कृष्णवर्णीय वस्त्या मोठ्या प्रमाणात बाहेर राहिल्याचं या पाहणीत दिसलं.

कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही कुणाचा वंश बघतच नाही. प्राइम सदस्य किती आहेत, गोदाम किती लांब आहे, असे निकष आम्ही लावतो. हे म्हणणं खरं मानलं तरी प्रश्न उरतोच. ज्या भागात आधीपासून गरिबी आहे, तिथे सदस्य कमीच असणार. सदस्य कमी म्हणून सेवा नाही. सेवा नाही म्हणून नवे सदस्य नाहीत. पुढच्या वर्षी नकाशा पुन्हा कोराच. नकाशाने भेदभाव केला नाही, पण आधीपासून असलेला भेदभाव जसाच्या तसा पुढे नेला. टीका झाल्यावर कंपनीने रॉक्सबरीत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आणि शिकागोच्या साउथ साइडमध्ये सेवा सुरू केली.

अमेरिकेला हे झोंबण्याचं कारणही नकाशाच होतं. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले होते आणि ‘धोक्याच्या’ वस्त्यांना दिला होता लाल रंग. त्या वस्त्यांना, म्हणजे बऱ्याचदा कृष्णवर्णीयांना, घरासाठी कर्ज मिळणं अवघड झालं. ‘रेडलायनिंग’ हा शब्द तिथूनच रूढ झाला.

सांगायचा मुद्दा, नकाशावरची कोरी जागा म्हणजे ‘इथे गिऱ्हाईक नाही’ असं नसतं. ‘इथे आम्ही गेलोच नाही’ असंही असू शकतं. विक्रीचा नकाशा फक्त झालेली विक्री दाखवतो. मागणी होती पण माल पोचला नाही, हे त्यात कुठेच येत नाही.

आणि हो, सीमा चुकवू नका

बऱ्याच परदेशी टूल्समधल्या तयार नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या एका कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट पोस्ट करण्याआधी सीमा तपासा.

मग नकाशा वापरायचाच नाही का?

वापरायचाच! शंभर ओळींच्या तक्त्यात जे दिसत नाही, ते नकाशात पाच सेकंदांत दिसतं. तुमचं स्वतःचं छोटं दुकान असेल, तरी ग्राहकांचे भाग एका शीटमध्ये लिहून लुकर स्टुडिओच्या मोफत आवृत्तीत नकाशा बनवता येतो. एक काळजी घ्या, लोकांची नावं, फोन नंबर किंवा घराचे नेमके ठिपके त्यात टाकून लिंक सगळ्यांना खुली करू नका.

आणि पुढच्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर रंगीत नकाशा समोर आला, की चार प्रश्न विचारा. रंग नुसत्या संख्येचा आहे की दराचा? सीमा आणि लोकसंख्या कुठल्या वर्षाच्या? किती पत्ते जुळलेच नाहीत? आणि कोरी दिसणारी जागा खरंच रिकामी आहे, की तिथे कुणी गेलंच नाही?

शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. कारण त्या कोऱ्या जागेतही कुणीतरी रात्री नऊ वाजता फोन हातात घेऊन दूध मागवायचा प्रयत्न करत असतं. त्याची ती ऑर्डर कुठल्याच नकाशावर उमटत नाही.