बार्बाडोसच्या बाजारात नीरफणस

कॅरिबियन बेटावरची सुट्टी म्हटली की निळा समुद्र आठवतो, बाजाराची पिशवी नव्हे! पण साठवलेले पैसे विमानाच्या तिकिटांतच संपत आले होते. म्हणून बार्बाडोसला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी काढली.

तिथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. १९७५ पासून हाच भाव. हिशेब सोपा. तरीही सुपरमार्केटमधल्या चीजची किंमत पाहून सौ.चा चेहरा उतरला. बेटावरचे बरेचसे खाद्यपदार्थ बोटीने येतात. त्यांचे भाडे शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी!

मग ब्रिजटाउनची चीपसाइड मंडई गाठली. रताळी, भोपळा, केळी आणि चक्क आपल्या कोकणातला नीरफणस! ऊसमळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून कॅप्टन ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपे वेस्ट इंडिजमध्ये आणली होती. मालकांच्या त्या काटकसरीचे फळ आज घरोघरी आवडीने खातात.

बेटावर पिकते ते घ्यावे, बोटीने येते ते शक्यतो टाळावे, एवढेच आम्ही ठरवले. संध्याकाळी ऑइस्टिन्सहून मासळी आणली, नीरफणसाचे काप तव्यावर परतले. मुलांनी हॉटेलचे नावही काढले नाही.