मुलींचा खतना : माहिती घेऊ, मुलीच्या बाजूने उभे राहू

सुंता मुलांची होते, एवढे आपल्याला ठाऊक असते. काही घरांत मुलींचीही होते, हे वस्तीत बहुतेकांना माहीत नसते. आपल्यातल्या कितीतरी भगिनी आशा, परिचारिका, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांना हे माहीत असावे, म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

महाराष्ट्रात ही रूढी मुख्यतः दाऊदी बोहरा समाजात आहे. तिला खतना किंवा खफ्ज म्हणतात. साधारण सात वर्षांच्या मुलीला काहीतरी निमित्त सांगून नेतात आणि शिश्निकेवरची त्वचा कापतात. शिश्निका म्हणजे लघवीच्या जागेच्या वरचा लहानसा, अतिशय नाजूक अवयव. पूर्वी हे काम समाजातल्या वयस्क बाया करीत. आता काही ठिकाणी डॉक्टरही करतात. डॉक्टरने केले म्हणून तो उपचार होत नाही. याचा आरोग्याला एकही फायदा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तस्राव, लघवी अडणे, जंतुसंसर्ग हे लगेचचे धोके आहेत. पुढे संबंधाच्या वेळी वेदना होऊ शकतात, मनातली भीती आयुष्यभर राहू शकते.

हा सगळ्या मुसलमानांचा रिवाज नाही. भारतातल्या बहुसंख्य मुस्लिम घरांत तो नाही. कुराणात त्याचा उल्लेख नाही. आफ्रिकेत काही ख्रिस्ती समाजही तो पाळतात. म्हणून शेजारच्या मोहल्ल्याला नावे ठेवायला ही माहिती वापरू नये.

याविरुद्ध पहिला आवाज बोहरा स्त्रियांनीच उठवला. 2015 साली मुंबईत 'सहियो' ही संस्था सुरू झाली. गुजरातीत सहियो म्हणजे मैत्रिणी. मासूमा रानालवी यांनी स्वतःवर बेतलेले जाहीरपणे सांगितले. 2017 साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. हा दंड विधान आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हाच आहे, असे 2018 साली ॲटर्नी जनरलनी न्यायालयाला सांगितले. त्याच वर्षी प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले.

रूढी जुनी आहे म्हणून ती पाळायची नाही, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. पण दुसऱ्यांच्या घरातली रूढी मोडायला त्या घरातल्या बाया उभ्या राहतात, तेव्हा आपण त्यांना साथ द्यायची असते.

आपण काय करावे? एखादी मैत्रीण हे सांगू लागली तर निमूट ऐकावे, तिची गोष्ट चार ठिकाणी सांगू नये. मुलीला रक्त जात असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. हळद, राख लावू नये. लगेच अमरावतीला डफरीन किंवा अकोल्याला लेडी हार्डिंग या सरकारी स्त्री रुग्णालयात न्यावे. एखाद्या मुलीला नेणार असल्याचे कळले तर 1098 या चाइल्डलाइनवर फोन करावा. आणि आपल्या लेकींनाही लहानपणीच सांगावे : तुझ्या शरीराला कोणी इजा केली तर घरी येऊन सांग, आम्ही रागावणार नाही.