बॉयकॉट

पुष्कळ इंग्रजी शब्दांचे कूळ शोधू गेल्यास ग्रीक किंवा लॅटिन भाषेपर्यंत जावे लागते. ‘बॉयकॉट’ हा शब्द मात्र एका माणसाचे आडनाव आहे, आणि त्याचा जन्म १८८० सालचा आहे.

त्या काळी आयर्लंडवर इंग्रजांची सत्ता होती. मेयो परगण्यातील लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. पीक बुडाले म्हणून कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली; जमीनदार शेकडा १० च्या पुढे जाईना. उलट, कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या.

त्याच सप्टेंबरात पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिस येथील सभेत निराळाच उपाय सांगितला होता : हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याला मारू नये, त्याच्याशी सर्व व्यवहार तोडावा. मेयोच्या लोकांनी तो बॉयकॉटवरच चालविला. गडीमाणसे निघून गेली. दुकानदार माल देईनात. धुणे धुवावयास कोणी मिळेना. हा नकार सर्वस्वी राजीखुशीचा होता असे नाही. लोहाराला धमकीचे पत्र आले होते. उभे पीक काढण्यास अखेर बाहेरून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणास सुमारे १,००० शिपाई! सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी अदमासे १०,००० पौंड खर्च झाले. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या शस्त्राला नाव हवे होते. ‘ऑस्ट्रॅसिझम’ हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांच्या जिभेला जड. तेव्हा फादर ओमॅली या तेथील धर्मगुरूने रेडपाथ नावाच्या अमेरिकन बातमीदाराला ‘बॉयकॉट करणे’ असे सुचविले. थोड्याच दिवसांत तो शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला.

मराठीला त्याची उसनवारी करावी लागली नाही. ‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणे. आणि ‘वाळीत टाकणे’ तर खेडोपाडी रूढच होते. १९०५ साली वंगभंग झाल्यावर लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत परदेशी मालावरील बहिष्काराला स्थान मिळाले. मात्र मेयोतील कुळांनी ज्याला वाळीत टाकले तो सत्तेच्या बाजूचा होता. आपल्या गावांत हे शस्त्र बहुधा दुबळ्यांवरच चालले. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचे नावच ‘बहिष्कृत भारत’ असे होते. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ सालचा आहे.