प्रदीर्घ शोकाचा उपचार : औषध आणि संभाषण

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर येथे उत्तरक्रियेसाठी व श्राद्धासाठी दूरदूरचे लोक येतात. दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध ह्या नावांतच शोकाचे कालमान सांगितलेले आहे. वर्ष सरता सरता दुःख बोथट होते, हा बहुतेकांचा अनुभव. काहींचा शोक मात्र पंचांगाला जुमानत नाही; गेलेल्या माणसाची ओढ इतकी तीव्र राहते की नित्याचे जगणे अशक्य व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात ह्या अवस्थेस स्वतंत्र स्थान मिळाले. किमान सहा महिने टिकलेला व त्या समाजाच्या रूढ शोककालाहून स्पष्टपणे अधिक असलेला शोक तेथे अभिप्रेत आहे.

ह्या विकारावर औषध द्यावे की रुग्णाला बोलते करावे? कॅथरीन शिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९५ शोकग्रस्तांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. काहींना सिटालोप्राम हे नैराश्यावरील औषध दिले, काहींना औषधद्रव्य नसलेली गोळी. दोन्हींकडील काहींना जोडीला सोळा बैठकींचा संभाषणोपचार. नुसत्या निर्द्रव्य गोळीवर सुमारे ५५ टक्क्यांना उतार पडला, तिच्या जोडीला संभाषण असता सुमारे ८३ टक्क्यांना. संभाषणासह खरे औषध दिले तेव्हा हे प्रमाण ८४ च्या आसपासच राहिले; मात्र सोबतचे नैराश्य अधिक ओसरले. तेव्हा नैराश्य असेल तेथे औषधाची जोड सार्थ होय. शोकाची गाठ सैल होते ती बोलण्याने.

गोळी सर्व भाषांत तीच राहते, संभाषण तसे नाही. ह्या उपचारात रुग्ण डोळे मिटून मृत्यूची वार्ता कळली त्या वेळची हकीकत सांगतो, तिचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो व ऐकून झाल्यावर ती बाजूस ठेवण्यास शिकतो. मराठीत 'आठवण येते' आणि 'आठवण काढतो' असे दोन प्रयोग आहेत. पहिल्यात आठवण कर्ता असते व माणूस नुसता 'मला' एवढाच उरतो. दुसऱ्यात माणूस कर्ता होतो. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाणे, हेच ह्या बैठकींचे काम म्हणता येईल.

पुढे मृताशी कल्पनेने बोलावयाचे असते. जुन्या वळणाच्या स्त्रीने पतीचे नाव कधी उच्चारलेलेच नसते. तिला 'अहो' म्हणूनच आरंभ करू द्यावा. नावाचा आग्रह धरणाऱ्या उपचारकाच्या पदरी केवळ तिचा संकोच पडेल. 'मेला' हे क्रियापद तर मराठीने शिवीकडे सोपविले. आप्तांविषयी आपण 'गेले', 'वारले' असेच म्हणतो. त्यात एक अडचण आहे. समुद्रावर मासेमारीस निघालेला माणूस परतला नाही, देहही हाती आला नाही, तर घरच्यांच्या तोंडी 'तो गेला' हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे राहते. त्यांतील कोणता अर्थ बोलणाऱ्याच्या मनात आहे, हे उपचारकाने पहिल्याच बैठकीत ऐकावयास हवे.