सायकलीचे मागचे चाक काढताना



बाभळीचा काटा टायरात घुसला की लगेच चाक खोलायला बसू नका. साध्या पंक्चरला त्याची गरजच नाही. टायरची एक बाजू रिंगेतून सोडवली की ट्यूब बाहेर येते. चाक काढावे लागते ते टायर-ट्यूब बदलायला, हबचे छर्रे पाहायला, नाहीतर फ्रीव्हील बदलायला.

पुढचे चाक म्हणजे दोन नटांचे काम. मागचे तसे नाही. दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीत स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डच्या काड्या, सगळे एकाच एक्सलवर अडकवलेले असते. म्हणून सायकल स्टँडवर लावून नट ढिले करू नका, स्टँडच सुटतो! पोतं अंथरून सायकल उलटी करा. नट-वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. चेनकव्हर पूर्ण असेल तर त्याचा मागचा तुकडा आधी काढा. या सायकलीचे ब्रेकरबर रिंगेच्या आतल्या अंगाला असतात, चाक मागे ओढले की रिंग त्यांना अडते. तेही ढिले करा. अन् पूर्णाकाठच्या काळ्या चिखलाने मडगार्ड गच्च भरले असेल तर आधी काडीने मोकळे करा, नाहीतर चाक जागचे हलायचे नाही बाप्पा.

गिअरच्या सायकलीत चेन आधी सर्वांत लहान चक्रीवर घ्या. काहींत नटाऐवजी खटका असतो. ही युक्ती १९३० च्या दशकात इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलो यांनी रूढ केली. तिथे पाना लागतच नाही.

हबच्या आत ब्रेक असेल तर मात्र सांभाळा. त्या हबचा एक लोखंडी हात डाव्या चिमट्याला पट्टीने बांधलेला असतो. चाक बसवल्यावर ती पट्टी आवळायची राहिली, तर ब्रेक दाबताच तो हात गरकन फिरतो अन् ब्रेक लागत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात असे झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आता बॅटरीच्या सायकलीही गावोगाव दिसतात. हबमध्ये मोटार असेल तर आधी बॅटरी बंद करा, वायरचा जोड सोडवा, मगच पाना लावा. बसवताना खाचेचा वायसर जागेवर बसू द्या. नट ढिला राहिला तर एक्सलच फिरतो आणि वायर तुटते.

चाक बसवताना ते दोन्ही चिमट्यांच्या बरोबर मधोमध घ्या. चेन मध्यावर बोटाने दाबली की अर्धा इंच झोल असावा. पण एकाच जागी पाहू नका, पॅडल पूर्ण फेरा फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे पाहा. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, आणि पहिल्या कोसभरानंतर पुन्हा एकदा पाना लावा.