वैतरणा नावाची आगबोट

शहापूर-मुरबाडला समुद्र नाही. माळशेजचा पाऊस काळू नदीतून उल्हासला आणि पुढे वसईच्या खाडीला जातो, एवढंच आपलं दर्याशी नातं. पण शहापूरच्या उत्तर अंगाने वाहणाऱ्या, मोडकसागरात अडून मुंबईची तहान भागवणाऱ्या वैतरणेचं नाव एका आगबोटीलाही होतं. ती बुडाली १८८८ साली आणि अजून सापडलेली नाही.

'वैतरणा' १८८५ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या गोदीत बांधली गेली. लांबी सुमारे १७० फूट. आत विजेचे दिवे असल्यामुळे काठेवाडात तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. द्वारकेला आणखी उतारू चढले. हवा बिघडल्यामुळे पोरबंदरला न थांबता कप्तान कासम इब्राहिम यांनी बोट थेट मुंबईकडे वळवली. बोटीत लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. संध्याकाळी ती मांगरोळजवळ दिसली, पण मुंबईला पोहोचलीच नाही. सातशेहून अधिक माणसं गेली. शोधासाठी आगबोटी धाडल्या गेल्या, पण अवशेष हाती लागले नाहीत. होड्या आणि जीवरक्षक साधनं पुरेशी नव्हती, असं मुंबई सरकारच्या चौकशीत निघालं.

आता मुंबईहून सुटलेल्या दोन बोटी पाहा. 'सिटी ऑफ कैरो' १ ऑक्टोबर १९४२ रोजी निघाली. तिच्यात चांदीच्या रुपयांच्या सुमारे २,००० पेट्या होत्या, वजन अंदाजे १०० टन. ६ नोव्हेंबरला सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. त्याच महिन्यात, २३ तारखेला, 'तिलावा' जपानी पाणबुडीच्या पाणतीराने सेशेल्सच्या ईशान्येला भर समुद्रात बुडाली. आफ्रिकेला निघालेली आपली कितीतरी कुटुंबं तिच्यात होती. २८० माणसं मेली. तिच्यातही चांदी होती, २,३६४ विटा.

या दोन्ही बोटी सापडल्या. 'सिटी ऑफ कैरो' २०११ साली ५,१५० मीटर खोलीवर मिळाली. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटरवर आहे, म्हणजे ही त्याहूनही खाली. तिथे दर चौरस सेंटिमीटरला पाचशे किलोहून अधिक दाब असतो. शोधक जहाज आपल्यामागे ध्वनियंत्र ओढत नेतं. तळावर आदळून परतणाऱ्या आवाजातून चित्र उमटतं: गाळ मवाळ, लोखंड लख्ख, आणि लोखंडामागे काळी लांब सावली. मग दिवे, कॅमेरे आणि यांत्रिक हात असलेलं विनामाणूस यान केबलने खाली सोडतात. 'सिटी ऑफ कैरो' दोन तुकड्यांत, गाळात रुतलेली होती, तरी चांदी वर आली. 'तिलावा'च्या विटा २०१७ साली सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून काढल्या गेल्या. त्यांच्या हक्काचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये त्या विटा आपल्या म्हणणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला.

ज्या बोटीत चांदी, तिच्यासाठी पाच किलोमीटर पाणी भेदलं जातं. ज्या बोटीत वऱ्हाडं, ती उथळ पाण्यात असूनही हरवलेली राहते. हे मला अन्यायाचं वाटतं. सौराष्ट्र ते मुंबई हा समुद्र उथळच आहे. 'वैतरणा' किनाऱ्याच्या वाटेवर बुडाली असेल, तर ती बहुधा शंभर मीटरच्या आतच असावी. अर्थात एक फरक मान्य करायला हवा. पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींची जागा कप्तानांच्या नोंदींत आणि वाचलेल्यांच्या सांगण्यात उरते. 'वैतरणा'तून कोणीच परतलं नाही. शिवाय इतक्या वर्षांच्या गाळाखाली एवढीशी बोट शोधणं सोपं नाही.

तरी आता साधनं आपल्याकडे आहेत. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' हे तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणारं यान घडवते आहे. 'वैतरणा'ला इतक्या खोल जायचीही गरज नाही. तळाचं चित्र काढणारं यंत्र आणि एक चांगली बोट पुरे. सुरुवात वेरावळ-मांगरोळच्या टांडेलांपासून करावी. जाळं कुठे अडकतं, कुठे फाटतं, हे त्यांना ठाऊक असतं. अशा जागा १८८८ च्या चौकशीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर शोधायचा पट्टा बराच आवळता येईल.